खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

शिकागोच्या बाहेर आम्ही ज्या गावात राहत होतो ते कागदोपत्री खेडं होतं. त्याला स्वतःचं इस्पितळ होतं, हायस्कूल होतं, हौशी लोकांचा वाद्यवृंद होता; पण वेशीवरच्या पाटीवर ‘व्हिलेज’ असं लिहिलेलं असे आणि कारभार पाहणाऱ्या मंडळींना ट्रस्टी म्हणत. मी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलामागे बसत असे. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लोक टेबलाशी येऊन टोमॅटोवरच्या किडीबद्दल, आयकराबद्दल आणि शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या पणजोबांबद्दल विचारत. एका उन्हाळ्यात मात्र सगळे एकच गोष्ट विचारू लागले: राज्यघटना कुठल्या कपाटात आहे?

ट्रस्टींनी गावात पिस्तूल बाळगायला बंदी करायचं मनावर घेतलं होतं. शिकारीच्या लांब बंदुका चालतील, हातात मावणारी शस्त्रं नकोत. त्याच सुमाराला दक्षिणेतल्या एका गावानं नेमका उलटा ठराव केला होता: तिथे प्रत्येक घरात बंदूक असलीच पाहिजे. दोन्ही गावांचा उद्देश एकच होता, गावात शांतता नांदावी.

घटनेतलं बंदुकीचं कलम एका वाक्याचं आहे. बंदी हवी असलेले लोक त्या वाक्याचा पूर्वार्ध उतरवून घेत, कारण त्यात नागरी सेनेचा उल्लेख आहे. बंदी नको असलेले उत्तरार्ध घेत, कारण त्यात लोकांच्या हक्काचा आहे. झेरॉक्स मशीनपाशी दोन्ही पक्ष एकामागे एक शिस्तीत उभे राहत, एकमेकांना सुटी नाणी देत आणि मग घरी जाऊन स्थानिक साप्ताहिकात एकमेकांविरुद्ध पत्रं लिहीत. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द दोन्हीकडच्या पत्रांत सारखाच येई. मी ती सगळी वाचली, कारण साप्ताहिक फाइल करायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या शेजारच्या घरात एक मराठी काका-काकू राहत. काका शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर. ते आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षही होते, आणि त्यांचं भाषण ऐकणाऱ्याला त्यांनी व्यवसाय अचूक निवडला आहे हे पटत असे. माणूस मनानं चांगला. कुणाच्या घरी आजारपण असलं की सर्वांत आधी काका पोचत, फक्त पोचल्यावर प्रास्ताविक करत.

त्यांच्याकडे एक रिव्हॉल्व्हर होतं. ते कसं आलं हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, पण खरं कारण काकूंनी एकदा मला पोळ्या लाटताना सांगितलं. इस्पितळाच्या पार्किंगमध्ये एका माणसानं काकांच्या पोटाला पिस्तूल लावलं. काकांनी पाकीट दिलं, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ दिलं आणि, सवयीनं, “थँक यू” म्हणाले.

“घड्याळाचं काही नाही गं,” काकू म्हणाल्या, “पण त्या थँक यूनं त्यांना महिनाभर झोप नाही आली.”

महिन्यानंतर त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं. नेमबाजीच्या क्लबात जाऊन एकदा चालवून पाहिलं. त्यानंतर दोन दिवस त्यांना काकूंचं बोलणं ऐकू येत नव्हतं. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे घरात विशेष फरक पडला नाही.

अमेरिकेतल्या त्या घरात देवघराला जागा नव्हती म्हणून चादरी-टॉवेलांच्या कपाटात देव बसवले होते. त्याखालच्या एका खणाला तेवढं कुलूप होतं. त्यात चांदीची ताम्हनं, निरांजनं, अत्तरदाणी आणि रिव्हॉल्व्हर असे. वर्षभर ते तिथे पडून राही. खंडेनवमीला मात्र काका ते बाहेर काढत.

आमच्यासारख्या लोकांकडे खंडेनवमीला शस्त्र म्हणून काय असणार? विळी, कात्री, शिवणयंत्र, फार तर गवत कापायचं मशीन. त्याला फूल वाहून आम्ही क्षात्रधर्म उरकत असू. काकांना हे कमीपणाचं वाटे. “इतकी वर्षं विळीवर भागवलं,” ते म्हणत. “आता घरात खरं शस्त्र आहे.” मग पाटावर रेशमी खण, खणावर रिव्हॉल्व्हर, त्याला पंचामृताचं स्नान, वर हळदकुंकू, अक्षता, झेंडू.

“अहो, पंचामृत देवाला घालतात,” काकू दरवर्षी म्हणत. “लोखंडाला काय मध चाटवताय?”

“यथासांग म्हणजे यथासांग,” काका म्हणत.

आम्ही नंतर तीर्थप्रसादाला जात असू. तीर्थ दुसऱ्या भांड्यातलं आहे ना, एवढी चौकशी माझे यजमान दारातच करत.

तर ट्रस्टींची सभा. बरेच लोक येणार म्हणून ती हायस्कुलाच्या सभागृहात घेतली होती. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं होती आणि वेळ संपली की एक बाई टेबलावरची घंटा वाजवत. एका गृहस्थांनी सांगितलं की पिस्तुलं गेली की इंग्रज परत येतील. एका बाईंनी सांगितलं की पिस्तुलं गेली की मुलं पुन्हा पुस्तकं वाचायला लागतील. त्यांच्याकडे ग्रंथालयाची चार पुस्तकं मुदत उलटून पडलेली होती. मग काका उठले. काळा सूट, लाल टाय. त्यांनी आमच्या लोकांचं आणि शस्त्राचं नातं सांगायला सतराव्या शतकापासून सुरुवात केली. अठराव्या शतकाच्या आरंभी घंटा वाजली. सभागृहातल्या कुणालाही त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, तरी मागच्या रांगेतल्या बंदी नको असलेल्या टोपीवाल्या मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परदेशात वीस वर्षं काढून काकांना उभ्यानं वाजवलेल्या टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या होत्या, आणि त्याचा परिणाम व्हायचा तो झाला.

ठराव पास झाला. पिस्तूल असलेल्यांनी ते पोलीस स्टेशनात जमा करावं किंवा गावाच्या हद्दीबाहेर ठेवावं; त्यासाठी शरद ऋतू संपेपर्यंत मुदत. काकांनी दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात येऊन जाहीर केलं, “मी देणार नाही. लपवणारही नाही. सविनय कायदेभंग करणार.”

“पिस्तूल घेऊन?” माझ्या यजमानांनी विचारलं.

“सविनय,” काका म्हणाले.

इथपर्यंत ही गावातली एक करमणूक होती. मग त्यांच्या मुलीचा फोन आला.

मुलगी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होती. लहानपणीच इकडे आलेली, डेट्रॉइटच्या एका इस्पितळात मुलांच्या इमर्जन्सी विभागात नर्स. जावई मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, त्याला कंपनी काही महिन्यांसाठी जपानला पाठवत होती. मुलीला सातवा महिना लागणार होता. आदल्या वर्षी तिचं एक मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी या खेपेला सातव्यापासून काम सोडून पडून राहायला सांगितलं होतं. ती दसऱ्याला माहेरी येणार आणि बाळंतपण इथे होणार असं ठरलं होतं. काकूंनी जुलैपासून डिंक, खारीक, अळीव जमवायला घेतलं होतं. काकूंना ड्रायव्हिंग येत नव्हतं, इंग्रजी बेताचं होतं. बारा वर्षांच्या शेजारात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे एक त्यांना हवं होतं.

फोन आला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. काकूंनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि बराच वेळ त्यावरून हात काढला नाही.

“काय म्हणते?” काकांनी विचारलं.

“येत नाही म्हणते. घरात ते पिस्तूल आहे तोवर नाही. म्हणते, आई, आय सी व्हॉट कम्स इन. गोळी लागलेली पोरं रोज बघते म्हणे ती. आणि ती पिस्तुलं कुलूप लावलेल्या खणातलीच असतात सगळी.”

“अगं, पण ते रिकामं आहे! आणि हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“सातवा तिला लागतोय,” काकू म्हणाल्या. “तुमच्या तत्त्वाला नाही.”

“आज मी नमलो तर उद्या—”

“उद्या मी ट्रॉयला जाते. बसने जाते. तुम्ही बसा इथे त्या पिस्तुलाचं बाळंतपण करत.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी अळिवातले खडे निवडत होते आणि तेच चालू ठेवलं.

पुढचे काही दिवस काकांनी मधला मार्ग शोधला. हद्दीबाहेर ठेवायचं तर आसपासच्या उपनगरांत आपली माणसं काही कमी नव्हती. त्यांनी एकेकाला फोन लावला. एकाकडे सासू-सासरे आले होते. एकानं नवीन कार्पेट टाकलं होतं, कार्पेटचा आणि रिव्हॉल्व्हरचा संबंध काय, हे त्यांनी विचारल्यावर तो म्हणाला, “तसा काही नाही, पण बायको म्हणते, सध्या नको.” शेवटी राहिला मंडळाचा खजिनदार. तो पार्टीत दर खेपेला पिस्तुलाच्या हक्काची बाजू इतक्या जोरात मांडायचा की बायका ताटं घेऊन दुसऱ्या खोलीत जात.

“काका, ठेवलं असतं हो,” तो म्हणाला, “पण आमच्याकडे एक ऑलरेडी आहे. एका देवघरात दोन शंख ठेवत नाहीत, तसं आहे ते.”

काकांनी फोन ठेवला आणि चहा मागितला. काकू बसचं वेळापत्रक पाहत होत्या. चहा मिळाला नाही.

त्या संध्याकाळी काका शरण आले, पण अटी घालून. खंडेनवमी दोन आठवड्यांवर होती. तेवढी पूजा होऊ द्यावी. दसऱ्याच्या दिवशी सकाळी ते स्वतः रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे नेऊन देतील, मुलीचं पाऊल घराला लागण्याआधी. काकूंनी ट्रॉयला फोन करून ही अट कळवली. मग मुलगी म्हणाली, “ओके. बट बिफोर आय वॉक इन, आई. नॉट आफ्टर.”

शेवटची पूजा म्हणून काकांनी हात सैल सोडला. एरवी चिमूटभर कुंकू असे, या खेपेला मूठभर होतं. उत्तरपूजाही केली. पुनरागमनाचा मंत्र म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात काकूंनी “अहो” म्हटलं आणि त्यांनी तो गाळला.

दसऱ्याला सकाळी काकू माझ्या दारात आल्या. “तू जा गं त्यांच्याबरोबर. हा माणूस वाटेत कुठे भाषण करायला थांबला तर मुलगी दारात येऊन उभी राहील.”

आम्ही गेलो. रिव्हॉल्व्हर रेशमी खणात गुंडाळून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं. पोलीस स्टेशनात काउंटरमागे एक वयस्क सार्जंट होता. तो ग्रंथालयातून मासेमारीची पुस्तकं नेत असे, त्यामुळे मला ओळखत होता. काकांनी फोन करून वेळ घेतली होती. सूट घातला होता.

सार्जंटनं डबा उघडला, खण बाजूला केला आणि थांबला.

रिव्हॉल्व्हर लाल होतं. नळीवर लाल, मुठीवर लाल, खाचांमध्ये जुनं काळपट लाल. मध्येच पिवळं. त्याला तांदळाचे दाणे चिकटले होते आणि घोड्यापाशी झेंडूची एक पाकळी.

“डॉक्टर,” सार्जंट म्हणाला, “यात गोळ्या आहेत?”

“नाहीत. घेतलं त्याच वर्षी काढल्या.”

सार्जंटनं नळी भिंतीकडे धरून गोळ्यांचं चक्र बाहेर काढायचा प्रयत्न केला. चक्र हललं नाही. त्यानं अंगठ्यानं जोर दिला, मग अंगठा नाकाशी नेला.

“मध?”

“मध, दूध, दही, तूप आणि साखर,” काका म्हणाले.

“आणि हे लाल?”

“कुंकू. फार पवित्र असतं. स्त्रिया कपाळाला लावतात.”

“हे तुम्ही बंदुकीच्या कपाळाला लावता?”

“दरवर्षी,” काका म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते सतराव्या शतकाकडे वळले. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली, पण उशीर झाला होता. लढाया, तलवारी, शत्रूचं रक्त हे सगळं त्यांच्या तोंडून क्रमानं बाहेर पडत होतं, आणि सार्जंट लाल रिव्हॉल्व्हरकडे बघत ते ऐकत होता.

“तुम्ही तिथे बाकावर बसा,” तो शेवटी म्हणाला. “हे आत नेऊन उघडावं लागेल. आणि हे लाल काय आहे ते तपासल्याशिवाय मला पावती देता यायची नाही. काउंटीच्या लॅबचा माणूस दुपारनंतर येतो.”

“दुपारनंतर?” काका म्हणाले. “दुपारी माझी मुलगी येतेय.”

“मग तिला थांबावं लागेल.”

आम्ही बाकावर बसलो. भिंतीवर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो होते. काकांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. मी काउंटरवरून काकूंना फोन करून काय झालं ते सांगितलं. त्या फक्त “बरं” म्हणाल्या. गाडी ट्रॉयहून पहाटेच निघाली होती.

“ती पोचली की तिला कळव ना,” काका मला म्हणाले, “की ते आता घरात नाही. ताब्यात घेतलंय त्यांनी. तांत्रिक बाब राहिलीय फक्त.”

“काका, तांत्रिक बाब म्हणजे रक्त आहे की नाही, ही.”

त्यांनी टायची गाठ सैल केली. त्यांना असं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, “ती ट्रॉयला परत गेली तर एकटीच राहील गं. तो तर जपानला चाललाय.” आणि नंतर, आणखी हळू, “ही जाईल म्हणा तिच्याबरोबर. पण तिकडे बर्फात, दोघींना काही झालं तर गाडी कोण चालवणार?”

हे सगळं त्यांना सभेच्या दिवशीही माहीत होतं. तेव्हा त्यांच्या बाजूनं टाळ्या वाजत होत्या.

बाराच्या सुमाराला स्टेशनचं दार उघडलं आणि काकू आत आल्या. मागे मुलगी, एक हात पाठीला लावून, सावकाश. तिच्यामागे जावई, प्रवासाच्या चुरगळलेल्या शर्टात. झालं होतं असं की मुलीनं गाडीतून उतरायला नकार दिला होता, पावती बघितल्याशिवाय नाही म्हणून. मग काकूंनी गाडीच्या उघड्या दारातच दोघांना ओवाळलं होतं, दसऱ्याचा दिवस कोरडा जाऊ नये म्हणून, आणि तशाच गाडीत बसून इकडे आल्या होत्या.

सार्जंट काउंटरमागून उठला. मुलीच्या कपाळावर कुंकवाचा ओला टिळा होता आणि त्याला तांदळाचे दाणे चिकटलेले होते. जावयाच्या कपाळावरही तसाच. काकूंच्या अंगठ्याला आणि पदराला लाल लागलं होतं. सार्जंटनं तिघांकडे एकदा पाहिलं, मग काकांच्या डब्यातला खण पुन्हा उलगडून त्यावरचा लाल डाग आणि दाणे पाहिले.

“मॅडम,” त्यानं काकूंना विचारलं, “हे तुम्ही माणसांनाही लावता?”

“माणसांनाच लावतात,” काकू मराठीत म्हणाल्या. “पण या घरात कोण ऐकतंय.”

मी भाषांतर केलं, पहिल्या वाक्याचं.

सार्जंटनं पावती लिहायला घेतली. ते पूर्ण व्हायच्या आत आतल्या खोलीतून एक तरुण पोलीस हातात पत्र्याची छोटी ताटली घेऊन आला. त्यांनी तेल घालून, लाकडी हातोडीनं ठोकून चक्र उघडलं होतं. ताटलीत साखरेचे काळे खडे होते, तांदूळ होते आणि एक गोळी होती. ती एका खाचेत मधानं चिकटून बसली होती.

“मी सगळ्या काढल्या होत्या,” काका म्हणाले.

“सगळेच असं म्हणतात, डॉक्टर,” सार्जंट म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यानं पावतीवर एक ओळ वाढवली आणि कागद फिरवून सहीसाठी पुढे केला.

मुलगी त्या ताटलीकडे बघत होती. ती काही बोलेल असं मला वाटलं. तिला तो हक्क होता आणि सभागृहातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहितीही होती. पण तिनं नुसतं विचारलं, “बाबा, ते तुम्ही एव्हरी इयर पाटावर ठेवायचात. सगळे समोर बसायचे. कुणाकडे तोंड करून?”

काकांना उत्तर आठवत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मलाही आठवत होतं. आम्ही सगळे तिथेच बसायचो, तीर्थासाठी हात पुढे करून. त्यांनी सही केली. पावती तिच्या हातात दिली. “चल,” काकू म्हणाल्या, “वरण गार होतंय.”

घरी आल्यावर मुलीनं दोन घास खाल्ले आणि वर जाऊन झोपली. जावई सोफ्यावरच आडवा झाला. काकूंनी भांडी न घासता तशीच ठेवली, आवाज नको म्हणून. मी निघतच होते, इतक्यात फोन वाजला. काकांनी पहिल्या घंटेलाच उचलला.

साप्ताहिकाचा वार्ताहर होता. हिंदू डॉक्टरांनी आपलं शस्त्र विधिपूर्वक गावाच्या स्वाधीन केल्याचं त्याला स्टेशनवरून कळलं होतं. त्याला त्यांचं मनोगत पहिल्या पानावर छापायचं होतं, फोटोसकट, आणि जागेची मर्यादा नव्हती. रिसीव्हरमधून त्याचा उत्साह मला चार हातांवरून ऐकू येत होता.

“आत्ता नाही,” काका कुजबुजले. “माझी मुलगी झोपली आहे.”

मग त्यांनी रिसीव्हर जागेवर न ठेवता टेबलावर आडवा ठेवला, त्यावर उशी ठेवली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.